लोकलमध्ये पुन्हा चढायचं, पण कशासाठी?

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. यजमान ४३ वर्षांचे, नोकरी दादरला. चौदा महिन्यांपूर्वी संध्याकाळी परतताना रोजच्या ग्रुपमधला मित्र, अंबरनाथला राहणारा, त्यांच्या शेजारी दारात उभा होता. दांडीवरचा हात सुटला आणि तो खाली गेला. वाचला नाही. तेव्हापासून यजमान लोकलमध्ये पाय ठेवत नाहीत. बस आणि शेअर गाड्या बदलत तीन-तीन तास प्रवास करतात. झोपेत हात पुढे करून ओरडतात, कुकरची शिट्टी झाली तरी दचकतात, मुलीवर खेकसतात. मित्राच्या घरी एकदाही गेले नाहीत, त्याच्या पत्नीचा फोनही उचलत नाहीत. एका समुपदेशकाने सांगितलं, ‘झालं ते स्वीकारा.’ दुसऱ्याने सांगितलं, ‘एक्सपोजर करू, म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम सामोरं जायचं, स्टेशनवर जाऊन उभं राहायचं.’ ताई विचारतात: या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट नाहीत का? स्वीकारायचं म्हणजे विसरायचं का? आणि स्टेशनवर नेलं आणि आणखी बिघडलं तर?

ताई, दोघांचंही अर्धं बरोबर आहे. पण ही दोन अर्धी तोडून वापरली की काम होत नाही. नुसतं ‘स्वीकारा’ हा उपदेश झाला, आणि कशासाठी ते न ठरवता माणसाला प्लॅटफॉर्मवर नेऊन उभं करणं ही शिक्षा झाली. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, गोळ्या लिहून देणारी डॉक्टर नाही. वीस-बावीस वर्षं मुंबईत हेच काम करतेय. खाली जे दाखले देतेय त्यांतले तपशील बदललेले आहेत, एका ठिकाणी दोन माणसांचा एक केला आहे. तुमच्या यजमानांना मी पाहिलेलं नाही, म्हणून निदान करत नाही. पण तुम्ही लिहिलेलं चित्र पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर मागे उरणाऱ्या मानसिक त्रासाचं दिसतं आणि तसं धरूनच उत्तर देते.

पीटीएसडी हे नाव अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीत १९८० साली आलं. स्वतःला इजा व्हायलाच हवी असं नाही, दुसऱ्याचा मृत्यू डोळ्यांदेखत पाहणंही त्यात धरतात. प्रसंग पुन्हापुन्हा घुसून येतो, माणूस त्याची आठवण करून देणारं सगळं टाळतो, स्वतःबद्दलचे आणि जगाबद्दलचे विचार काळवंडतात, शरीर सतत सावध राहतं. असं महिन्याच्या वर चाललं आणि रोजचं जगणं अडलं की निदानाचा विचार करायचा. पहिल्या काही आठवड्यांत हे सगळं बहुतेकांना होतं आणि पुष्कळांचं आपोआप ओसरतं, म्हणूनच घटनेनंतर लगेच माणसाला बसवून ‘सांग, सगळं सांग’ म्हणू नये. तुमच्याकडे चौदा महिने झाले आहेत. आता आपोआप ओसरण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

का ओसरलं नाही, हे कळलं की पुढचं सोपं जातं. त्या औषध देणाऱ्या वैद्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे: पुडी घे, फक्त घेताना माकड मनात आणू नकोस. बिचाऱ्याला आयुष्यात कधी माकड आठवलं नसेल, पण पुडी हातात घेतली की माकड हजर. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली हाच खेळ पांढऱ्या अस्वलावर केला. पाच मिनिटं अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. आणि ज्यांनी आधी विचार दाबला होता त्यांना, नंतर मोकळीक दिल्यावर, तो इतरांपेक्षा जास्त आला.

तुमचे यजमान चौदा महिने माकड मनात आणू नये म्हणून राबताहेत. लोकल सोडली. मग स्टेशनचा ब्रिज सोडला असेल, मग अनाउन्समेंटचा आवाज टीव्हीवर आला तरी चॅनेल बदललं असेल. मित्राच्या पत्नीचा फोन न उचलणं हे त्याच रांगेतलं आहे. प्रत्येक वेळी टाळलं की क्षणभर हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच घात करतं. मेंदू त्यातून एवढंच शिकतो की टाळलं म्हणून वाचलो. उद्या तो आणखी एक गोष्ट धोक्याच्या यादीत घालतो.

आता ‘स्वीकार’. अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, थोडक्यात अ‍ॅक्ट, ही उपचारपद्धती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून घडवली. पहिलं सविस्तर पुस्तक १९९९ साली आलं. ए-सी-टी असं सुटं म्हणत नाहीत, अ‍ॅक्ट असंच म्हणतात, म्हणजे कृती कर. नावातच कृती असलेल्या या पद्धतीचं आपल्याकडे येईपर्यंत ‘झालं ते स्वीकारा’ झालं, याचं मला नेहमी वाईट वाटतं. आपल्या कानाला स्वीकार म्हटलं की ‘नशिबात होतं, सोडून द्या’ ऐकू येतं. त्यामुळे मी सेशनमध्ये तो शब्द फारसा वापरत नाही, मी चौथ्या सीटबद्दल बोलते.

लोकलने फिरणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तिघांचा बाक असतो, चौथा येतो आणि म्हणतो, ‘जरा सरका.’ तुम्ही त्याला बोलावलेलं नसतं. त्याची कोपरं टोचतात, पाव सीटवर बसून तो तुमच्या अंगावर रेलतो. तरी आपण सरकतो, कारण भांडत उभं राहिलं तर आपलाच प्रवास बिघडतो. भीतीला, त्या दृश्याला, ‘मी हात का नाही धरला’ या विचाराला इतकीच जागा द्यायची: चौथी सीट. तिच्याशी गप्पा मारायच्या नाहीत, तिला खिडकीतून बाहेर ढकलायचं नाही, आणि मोटरमनच्या केबिनमध्ये तर अजिबात बसवायचं नाही. आज तुमच्या घरात भीती मोटरमन आहे. कुठे जायचं, कुठल्या रस्त्याने, कोणाचा फोन घ्यायचा, सगळं ती ठरवते.

त्यामुळे स्वीकारणं म्हणजे विसरणं नाही, जे झालं ते बरोबर झालं असं म्हणणंही नाही. मुंबईत लोकलखाली आणि लोकलमधून पडून दरवर्षी हजाराहून जास्त माणसं मरतात. त्यावर संताप यायलाच हवा, त्याला काही औषध नको. उलट भीतीला चौथ्या सीटवर बसवता आलं, तर संतापाचं काही करताही येतं. गाडीतून अपघाताने पडून मृत्यू झाला तर रेल्वे कायदा १९८९च्या कलम १२४अ खाली भरपाईचा दावा होतो आणि तो रेल्वे दावा न्यायाधिकरणात चालतो. मित्राच्या पत्नीचे फोन त्यासाठीही असू शकतात. शेवटच्या क्षणी शेजारी तुमचे यजमान होते, ते काय सांगतात याला तिथे वजन असेल. नसतीलही त्यासाठी, नुसतं ‘शेवटचं काय बोलला’ एवढंच विचारायचं असेल.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण या शहरात तिचा फार घोळ होतो. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये ११ मिनिटांत सात स्फोट झाले, आणि दुसऱ्या दिवशी लोक गाड्या पकडून कामाला गेले. त्याला ‘मुंबई स्पिरिट’ म्हणून डोक्यावर घेतलं गेलं. त्या दुसऱ्या दिवशी गाडी पकडलेला एक माणूस माझ्याकडे सात वर्षांनी आला. सात वर्षं तो रोज लोकलने जात होता, म्हणजे एक्सपोजर भरपूर झालं होतं म्हणा ना! मग बरा का झाला नाही? मी त्याच्याबरोबर एकदा गाडीत बसले तेव्हा कळलं. चढल्या चढल्या सगळ्या रॅकवरून नजर फिरवली. दारापासून दोन हातांवरच उभा राहिला. कानात इअरफोन, ओठांवर जप, मुठीत खांब इतका घट्ट की बोटं पांढरी पडलेली. बॅग कोणाची आहे ते न कळल्यामुळे मधल्या स्टेशनवर उतरला आणि पुढची गाडी पकडली. देह चर्चगेटला पोचत होता, पण मन सात वर्षांत एकदाही गाडीत चढलं नव्हतं. रोज पोचल्यावर त्याचं मन सांगायचं, ‘बघ, रॅक तपासले म्हणून वाचलास.’ याला सोसणं म्हणतात. सोसून माणूस थकतो, शिकत काहीच नाही.

एक्सपोजरमध्ये शिकणं व्हावं लागतं. पूर्वी आम्हाला शिकवलं होतं की भीतीसमोर थांबा, ० ते १००च्या मोजपट्टीवर भीतीचा आकडा निम्म्यावर येईपर्यंत हलू नका. ही मोजपट्टी जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञांची, अजून वापरतो. पण आकडा खाली आलाच पाहिजे हा आग्रह आता कमी झाला आहे. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्के आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडलं की जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी एक नवी आठवण तयार होते आणि त्या दोघींत नवी वरचढ ठरायला हवी. त्यासाठी मनाचा अंदाज चुकायला हवा. म्हणून मी आधी लिहून घेते: ब्रिजवर गेलात तर काय होईल असं वाटतं? ‘मी ओरडेन, लोक गोळा होतील, चक्कर येऊन पडेन.’ मग जायचं आणि परत आल्यावर कागद बघायचा. भीती ८० होती, ८०च राहिली, पण ओरडलो नाही आणि पडलोही नाही. माझ्या दृष्टीने तो दिवस कमाईचा.

हे अ‍ॅक्टशी नीट जुळतं, कारण अ‍ॅक्टमध्ये भीती कमी करणं हा हेतूच नसतो. ‘भीती जावी म्हणून स्टेशनवर जातोय’ असं म्हटलं की स्टेशनवर जाणं हा माकड हाकलायचा नवा उपाय होतो, आणि माकड ते ओळखतं. म्हणून आकड्याच्या शेजारी मी दुसरा प्रश्न विचारते: आज तिला किती जागा द्यायला तयार आहात? एखाद्या दिवशी भीती ७० आणि तयारी ९० असते. तो दिवस जाण्याचा. भीती ४० आणि तयारी २० असेल, तर त्या दिवशी मी ढकलत नाही, काय अडलंय ते बोलतो.

आणि तयारी हवेतून येत नाही. पहिली तीन-चार सेशन्स मी लोकलचं नावही काढत नाही. आजवर काय काय करून पाहिलं याची उजळणी करतो. लोक हसत हसत सांगतात: बस, झोपेची गोळी, रात्री दोन पेग, गावी जाऊन कुलदेवतेला नारळ, दृष्ट काढली, मोबाइलवर रात्री दोनपर्यंत रील्स. त्या दिवशी काय मिळालं आणि वर्षभरात काय गेलं, असे दोनच प्रश्न. कोणाला मूर्ख ठरवायचं नसतं. त्या वेळी जे सुचलं ते केलं, पण हिशोब बघितला की माणूस स्वतःच गप्प होतो. मग विचारते: भीती मोटरमन नसती तर गाडी कुठे गेली असती? इथे ‘मला नॉर्मल व्हायचंय’ हे उत्तर मी घेत नाही. नेमकं काहीतरी हवं. मुलीच्या स्नेहसंमेलनाला वेळेवर पोचणं. रविवारी आईला भेटायला मुलुंडला जाणं. ज्या कष्टाला असा पत्ता नसतो, तो दुसऱ्या आठवड्यात सुटतो. एक्सपोजर मध्येच सोडणारे खूप असतात. माझ्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडूनही बरेच गेले. मी तंत्र बरोबर वापरत होते, पण कुठे जायचं ते विचारत नव्हते.

तंत्राबद्दल थोडं. प्रोलाँग्ड एक्सपोजर ही पद्धत मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बांधली. साधारण ८ ते १५ सेशन, प्रत्येक ९० मिनिटांचं. तिचे दोन पाय. एक बाहेरचा, म्हणजे टाळलेल्या जागांकडे पायरीपायरीने जाणं. तुमच्या यजमानांच्या बाबतीत कदाचित आधी अनाउन्समेंटचं रेकॉर्डिंग घरी ऐकणं, मग ब्रिजवर दहा मिनिटं, मग दुपारी दोनला रिकाम्या प्लॅटफॉर्मवर बाकावर बसणं, मग डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या स्लो लोकलमध्ये आत बसून एक स्टेशन. वेळा बदलायच्या, स्टेशनं बदलायची, कधी इअरफोनशिवाय, कधी एकटं. नाहीतर मेंदू म्हणतो, ‘दुपारी दोनची गाडी चालते, बाकीच्या नाही.’

इथे एक रेघ पक्की आखते. एक्सपोजर फक्त अशा गोष्टीचं करायचं जी खरोखर पुरेशी सुरक्षित आहे पण धोक्याची वाटते. संध्याकाळी सहाच्या फास्टच्या दारात लटकणं हे धोक्याचं वाटत नाही, ते धोक्याचं आहेच. त्यांना पुन्हा दारात उभं करणं हा उपचाराचा भाग कधीच असू शकत नाही, आणि तसं कोणी सुचवलं तर तिथून निघून या. घाबरलेल्या मेंदूचं एवढं एक म्हणणं आपण मान्य करायचं: दारात उभं राहायचं नाही, गाडी सुटली तर दुसरी येते. उपचारानंतरही ते गर्दीच्या फास्टऐवजी अर्धा तास उशिराची स्लो पकडत असतील, तर मी त्याला टाळाटाळ म्हणणार नाही, शहाणपण म्हणेन.

दुसरा पाय आतला, आणि तो जास्त अवघड. डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात सांगायचा. ‘आम्ही दादरला चढतोय, त्याची बॅग माझ्या पाठीला लागतेय, तो काहीतरी बोलतोय…’ तीस ते पंचेचाळीस मिनिटं, एकदा संपला की पुन्हा. सगळ्यात जड दोन-तीन क्षण असतील ते वेगळे काढून पुन्हापुन्हा. रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. पुस्तकात हे वाक्य सरळ असतं. वन रूम किचनमध्ये पाच माणसांत कुठे ऐकायचं ते पुस्तक सांगत नाही. माझ्याकडची माणसं गच्चीत ऐकतात, सोसायटीच्या जिन्यात, एक जण पार्क केलेल्या मित्राच्या रिक्षात बसून ऐकायचा. तुमच्या घरात त्यांना रोज पाऊण तास एकट्याचा कसा मिळेल हे आधी ठरवा. नाहीतर गृहपाठ होत नाही आणि माणसाला वाटतं की आपलाच निश्चय कच्चा.

भाषेकडेही लक्ष द्या. लोक माझ्यासमोर शुद्ध मराठीत, कधी इंग्रजीत, पोलिसांना दिलेल्या जबानीसारखं सांगतात: ‘सदर व्यक्ती तोल जाऊन पडली.’ शुद्ध भाषा हीसुद्धा लपायची जागा असते. घरी मालवणी बोलणारा मालवणीत सांगायला लागला की आवाज बदलतो, आणि मला कळतं की आता आम्ही त्या डब्यात आहोत.

सांगताना बहुतेक वेळा एक गोष्ट बाहेर येते जी आठवणीत हरवलेली असते: वेळ. आठवणीत तो क्षण मिनिटभराचा होऊन बसतो, हात पुढे करायला भरपूर वेळ होता असं वाटत राहतं. पंधराव्यांदा सांगताना माणूस थांबतो आणि म्हणतो, ‘मी वळलो तेव्हा तिथे कोणी नव्हतंच.’ हे मी सांगून उपयोग नसतो. ‘तुझी चूक नव्हती’ हे तुम्ही, दीरांनी, ऑफिसातल्यांनी शंभर वेळा सांगितलं असेल.

अपराधीपणा तरीही पूर्ण जात नाही. मग अ‍ॅक्टची दुसरी खुबी कामाला येते. ‘माझ्यामुळे गेला’ आणि ‘माझ्यामुळे गेला असं माझं मन म्हणतंय’ या दोन वाक्यांत बोटभर फट असते. विचार खोटा ठरवायचा नाही, त्याच्याशी वाद घालायचा नाही, पण तो माझ्यासमोर ठेवलेला आहे, मी त्याच्या आत नाही, एवढं अंतर. शिकवण्यासाठी एक जुना खेळ आहे: ‘लिंबू’ म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं, तोच शब्द अर्धा मिनिट भराभर म्हणत राहिलं की नुसता आवाज उरतो. काही जण हा खेळ कुठल्याही विचारावर करतात. मी मृत्यूबद्दलच्या विचारावर कधीही करत नाही. ती थट्टा वाटते आणि वाटणं बरोबर आहे. त्याऐवजी मी विचारते की हा विचार इतका का टोचतो. टोचतो, कारण मित्र जिवाचा होता. अनोळखी माणूस पडला असता तर भीती राहिली असती, ही टोचणी राहिली नसती.

जपाचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात येतो. रामरक्षा म्हणत गाडीत बसलं तर चालेल का? याला माझं एकच उत्तर नाही. रोज संध्याकाळी दिवा लावून म्हणणारा माणूस गाडीतही म्हणत असेल तर त्यात गैर काय? पण ‘म्हटली नाही तर काहीतरी होईल’ म्हणून म्हणत असेल, तर ती मुठीत धरलेल्या खांबासारखीच. मी सांगते, एकदा म्हणून जा, एकदा न म्हणता जा, आणि घरी आल्यावर दिव्यासमोर निवांत म्हणा. फरक तुमचा तुम्हाला कळेल. यावर कोणी श्रद्धा सोडलेली मी पाहिलेली नाही.

पुराव्याबद्दल प्रामाणिकपणे सांगते, कारण अ‍ॅक्टच्या नावाने हल्ली खूप काही विकलं जातं. पीटीएसडीसाठी एक्सपोजरचा पुरावा भक्कम आहे. अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रोलाँग्ड एक्सपोजर, सीपीटी (प्रसंगाबद्दलचे अडकलेले विचार तपासणारी थेरपी) आणि ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे हलवत करायची थेरपी) यांची शिफारस आहे. एकट्या अ‍ॅक्टबद्दल बाजूने किंवा विरुद्ध सांगण्याइतका पुरावा नाही असं म्हटलं आहे. म्हणून कोणी ‘एक्सपोजर नको, नुसतं माइंडफुलनेस आणि स्वीकार करू’ म्हणालं तर मी सावध होईन. वैद्य मात्रेबरोबर मध देतो तशी माझी समजूत आहे: एक्सपोजर ही मात्रा, अ‍ॅक्ट हे अनुपान.

बिघडेल का? पहिले दोन-तीन आठवडे स्वप्नं वाढू शकतात, चिडचिडही. हे आधी माहीत असलं की घरातले घाबरून मध्येच थांबवत नाहीत. थांबायचं ते वेगळ्या कारणांनी: मरणाचे विचार येत असतील, दारू हाताबाहेर असेल, किंवा सांगता सांगता माणूस इथून ‘निघून’ जात असेल, हाक मारली तरी परत येत नसेल. अशा वेळी आधी माणूस जागेवर राहायला शिकवायचा, मग पुढे. आणि ज्यांचा आघात संपलेलाच नाही, घरात आजही मारहाण चालू आहे, त्यांना एक्सपोजर नव्हे, सुरक्षित जागा हवी असते.

गोळ्यांबद्दल निर्णय मानसोपचारतज्ज्ञांचा. सर्ट्रालीन आणि पॅरॉक्सेटीन यांना अमेरिकेत पीटीएसडीसाठी मान्यता आहे, आणि त्या चालू असताना थेरपी करता येते. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या गोळ्या मात्र पीटीएसडीत लांबच्या काळासाठी सुचवल्या जात नाहीत. घेऊन स्टेशनवर गेलं तर श्रेय गोळीला जातं. चालू असतील तर मनाने एकदम बंद करू नका, त्यात धोका आहे. डॉक्टरांना विचारून हळूहळू.

आता तुमच्याबद्दल, ताई. ते बाहेर पडले की तुम्ही ‘पोचलात का?’ म्हणून किती वेळा फोन करता? माझ्याकडच्या एका बाई प्रत्येक स्टेशनला करायच्या. नवऱ्याची भीती उतरत होती, यांची चढत होती. फोन एकच, पोचल्यावर, आणि तो त्यांनी करायचा. पहिल्या एक-दोन पायऱ्यांना बरोबर जायला हरकत नाही, पण कायमची कुबडी होऊ नका. ‘आता तरी सोडा ना ते’ म्हणू नका, आणि ‘राहू दे, उद्या बसनेच जा’ असंही नको. ‘आज भीती किती, तयारी किती?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ.

थेरपिस्ट निवडताना आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का विचारा, आणि सरळ विचारा: पीटीएसडीसाठी एक्सपोजर तुम्ही स्वतः करता का, क्लिनिकबाहेर येता का? घुटमळले तर दुसरीकडे जा. खासगी फी झेपत नसेल तर केईएम, सायन, नायर, जेजे या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. रांग मोठी असते, सकाळी लवकर जा. रात्री-अपरात्री अगदीच कठीण वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं.

एक शेवटचं, तुमचं लिहिणं दुसऱ्यांदा वाचताना सुचलेलं. सगळे त्यांना दादरच्या दिशेने परत नेऊ बघताहेत, कारण नोकरी तिकडे आहे. पण त्यांच्या पायऱ्यांच्या यादीत लोकल सगळ्यात वर नसेल असं मला वाटतं. सगळ्यात वर मित्राचं घर असेल. अंबरनाथ डोंबिवलीहून उलट्या दिशेला: ठाकुर्ली, कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, मग अंबरनाथ. सकाळी सगळी गर्दी मुंबईकडे धावत असताना त्या बाजूच्या स्लो लोकलमध्ये बसायला जागा मिळते. थेरपिस्टशी बोलून बघा, पहिली गाडी त्या दिशेची धरता येईल का. एकदम घरापर्यंत नको. आधी ठाकुर्ली, एकच स्टेशन, आणि परत. अंबरनाथला उतरायचा दिवस येईल तेव्हा यजमानांनी आदल्या दिवशी त्या वहिनींना फोन करावा, आणि तो त्यांनी स्वतःच करू दे.